फोटो बघायला फोटोतला माणूस येतो का?

मराठवाड्याचा फोटो म्हटलं की तो ठरलेला असतो. तडे गेलेली जमीन, मधोमध उकिडवा बसलेला शेतकरी, कपाळाला हात आणि वर पांढरंफटक आभाळ. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, अहवालाच्या मुखपृष्ठावर, संस्थांच्या कॅलेंडरवर आणि मोठ्या शहरांतल्या फोटोप्रदर्शनांतही हाच फोटो थोड्याफार फरकाने भेटत राहतो. खाली काय लिहिलंय ते वाचायचीही गरज पडत नाही. दुष्काळ.

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला या फोटोसमोर उभं केलं, तर तो बहुधा आधी विचारेल, “कोणत्या महिन्यातला आहे?”

प्रश्न साधा आहे, पण फोटोचा सगळा अर्थ त्यावर फिरतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. त्या मातीतल्या चिकणकणांचा तो गुणच आहे. त्यामुळे चांगला पाऊस झालेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये कोरडवाहू रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसात भेगा मिटतात आणि वर्षानुवर्षं खालची माती वर, वरची खाली होत राहते. म्हणून तर ही जमीन आपली नांगरट आपणच करते असं म्हणतात. म्हणजे भेगाळलेलं रान दिसलं की दुष्काळ सिद्ध झाला, असं होत नाही. बऱ्याचदा त्यातून फक्त उन्हाळा सिद्ध होतो.

उलट खरा दुष्काळ कित्येकदा हिरवा असतो. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारलेली असते, सोयाबीन गुडघ्याएवढं उभं असतं, फोटोत छान हिरवं दिसतं आणि शेंगांत दाणा भरलेला नसतो. असा फोटो मुंबईतल्या गॅलरीत लावला तर बघणारा म्हणेल, काय सुंदर हिरवळ आहे. पाथरीचा किंवा जिंतूरचा शेतकरी तोच फोटो बघून गप्प होईल.

फोटो एकच, कागद तोच, प्रकाश तोच. समोरचा माणूस बदलला आणि फोटो बदलला. कलात्मक फोटोंबद्दल आपण बोलतो तेव्हा चौकट, उजेड, क्षण, लेन्स यांवर भरपूर बोलतो. फोटोसमोर कोण उभं आहे यावर फारसं बोलत नाही. मला वाटतं, फोटोप्रदर्शनाची समीक्षा तिथूनच सुरू व्हायला हवी.

भिंत काय करते

आधी एक रास्त शंका. सगळे फोटो फोनवर दिसत असताना गॅलरीत जायचंच कशाला?

हिशेब करून बघू. १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. फोन उभा धरला आणि स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेल असली, तर तो फोटो १०८० गुणिले ८१० एवढ्या जागेत बसतो. म्हणजे पावणेनऊ लाख ठिपके. चौदातला जेमतेम एक ठिपका आपल्यापर्यंत पोचतो. त्यात तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर वाटेत आणखी दाबला गेलेला असतो. दाबताना बारीक तपशील आधी जातात. साडीच्या सावलीतली घडी, अंधाऱ्या घरातलं भांडं, लांब उभा असलेला माणूस, हे सगळं करड्या चिखलासारखं एक होऊन जातं.

यावर कुणी म्हणेल, झूम करता येतं की. येतं. पण झूम केलं की पूर्ण फोटो हातातून जातो, आणि पूर्ण फोटो आणला की तपशील जातो. फोनवर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. भिंतीवर झूमचं काम पाय करतात. दोन पावलं पुढे गेलं की बाईच्या हातावरचं गोंदण दिसतं, आणि तरी डोळ्याच्या कडेला अख्खं शेत असतंच. चार पावलं मागे आलं की शेत दिसतं, आणि त्या हातावर गोंदण आहे हे आता आपल्याला माहीत असतं.

तांत्रिक बाबतीत सगळीकडे भिंतच सरस आहे असंही नाही. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद फक्त पडलेला उजेड परत करतो. त्यामुळे फोनवरचा पांढरा जास्त पांढरा असतो आणि काळा जास्त काळा. चमक हवी असेल तर फोन पुरेसा आहे. भिंतीची गंमत दुसऱ्या तीन गोष्टींत आहे. एक, आकार कुणीतरी ठरवलेला असतो. हा फोटो तळहाताएवढा आणि तो दारापेक्षा उंच, हे बघणाऱ्याच्या बोटावर सोडलेलं नसतं. दोन, शेजार. कोणता फोटो कोणाच्या बाजूला लागलाय यावरून दोघांचाही अर्थ बदलतो. आणि तीन, फोटो हलत नाही. फीडमध्ये फोटो येतो आणि जातो, आपण जागेवर. गॅलरीत फोटो जागेवर असतो आणि उठून जायचं की थांबायचं हे आपल्याला ठरवावं लागतं. त्या थांबण्यामुळे कोणती माहिती मिळते, ते पुढच्या एका उदाहरणात बघू.

गॅलरीच्या दारापाशी

महाराष्ट्रात फोटो बघायच्या ठरलेल्या जागा मोजक्या आहेत. मुंबईत काळा घोड्याला १९५२ पासून जहांगीर आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये १९८८ पासून खास फोटोग्राफीसाठी पिरामल गॅलरी आहे. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे. परभणीहून जहांगीरला जायचं तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते. तिथे तिकीट नाही, कुणी अडवत नाही. तरीही मानवतच्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या फोटोसमोर मानवतची कापूस वेचणारी बाई उभी आहे, असं दृश्य तिथे दिसणं अवघड. अंतर फक्त रेल्वेचं नसतं.

याचा परिणाम फोटोंवरही होतो. बघणारा कोण आहे हे माहीत असलं की फोटो त्याच्यासाठी काढले जातात. खेड्यातल्या माणसाचे दोन फोटो तर साच्यातून काढल्यासारखे असतात. एक, म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांचा क्लोजअप. दोन, फाटक्या फ्रॉकमधली हसरी मुलगी. दोन्ही फोटो तंत्राने निर्दोष असू शकतात. दोन्हींत त्या माणसाचं गाव, काम, कर्ज, भांडण, चेष्टा यांतलं काही दिसत नाही. उरतो तो फक्त बघणाऱ्याच्या मनातला हळहळीचा झटका. ज्याचा चेहरा आहे तो कधीच समोर येऊन “हे मी नाही” म्हणणार नाही, याची खात्री असली की असे फोटो बिनधास्त काढता येतात.

ही खात्री मोडणारं एक प्रदर्शन आपल्याकडे होऊन गेलं.

बसस्थानकावरचं प्रदर्शन

पी. साईनाथ यांना आपण पत्रकार म्हणून ओळखतो. त्यांचं दुष्काळावरचं पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने वाचलं गेलं. पण १९९३ ते २००२ या काळात, दहा राज्यांत फिरताना, त्यांनी खेड्यातल्या बायांच्या कामाचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांचं प्रदर्शन झालं, ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’. दिसणारं काम, न दिसणाऱ्या बाया. हे प्रदर्शन कलादालनाच्या भिंतीची वाट बघत बसलं नाही. ते बस आणि रेल्वे स्थानकांवर, कारखान्यांच्या फाटकांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत, शाळा-कॉलेजांत लागलं. म्हणजे ज्या बाया फोटोत होत्या, तसंच काम करणाऱ्या बाया बघायला आल्या. आज ते ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहे, प्रत्येक पॅनेलसोबत मजकूर आणि साईनाथ यांच्या आवाजातल्या चित्रफितीसह.

त्यातल्या एका फोटोपाशी थांबू. आंध्रातल्या विजयनगरमचा एक जमीनमालक कॅमेऱ्यासमोर ताठ उभा आहे. त्याच्याच शेतात भाताची लावणी करणाऱ्या बायांची रांग कमरेत पूर्ण वाकलेली आहे.

पहिल्या नजरेत हा फोटो सोपा वाटतो. एक उभी रेघ आणि कमानींची एक ओळ. मालक ताठ, मजूर वाकलेले. व्यंगचित्रच जणू. फोनवर इथेच अंगठा वर सरकतो, कारण मुद्दा कळलेला असतो.

थांबलं की दुसरी गोष्ट दिसायला लागते, ती म्हणजे वेळ. शटर सेकंदाच्या एका बारीक तुकड्यापुरतं उघडतं आणि त्या तुकड्यात सगळे सारखेच गोठतात. पण मालक काही क्षण थांबून पोझ देतोय. फोटो झाला की तो सैल होईल. बाया थांबलेल्याच नाहीत. त्या फोटोच्या आधी वाकलेल्या होत्या, फोटोनंतरही वाकलेल्या राहणार आहेत. एका चौकटीत दोन वेगळी घड्याळं चालू आहेत. मालकाला माहीत आहे की फोटो निघतोय, आणि त्या माहितीने त्याचं शरीर बदललंय. बायांच्या शरीरावर कॅमेऱ्याचा काहीच परिणाम झालेला नाही. कॅमेऱ्यासाठी कामातून उठायला माणसाकडे आधी थोडी सत्ता असावी लागते, हे फोटो न बोलता सांगतो.

मग मजकूर वाचायचा. त्यात मजुरीचा आकडा येतो. मालक सांगतो तो वेगळा, आणि बाया सांगतात तो त्याहून कमी. आता पुन्हा फोटोकडे बघितलं की मालकाच्या ताठपणात थोडी बनवाबनवी मिसळलेली दिसते.

हा फोटो दिल्लीच्या प्रेक्षकाने बघणं आणि सोनपेठच्या शेतमजूर बाईने बघणं यांत फरक आहे. आपल्याकडे भातलावणी नाही, पण खुरपणी आहे, सोयाबीनची काढणी आहे, कापसाची वेचणी आहे. दिल्लीच्या प्रेक्षकाला पाठीची कमान दिसेल. सोनपेठच्या बाईला पाय कुठे टेकलाय ते दिसेल, डावा हात गुडघ्यावर आहे की नाही ते दिसेल, रांगेत कोण मागे पडलीय ते दिसेल. कारण रांगेत मागे पडणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक आहे. मजुरीच्या आकड्याने दिल्लीचा प्रेक्षक चकित होईल. तिला आकड्याचं आश्चर्य वाटणार नाही. तो भिंतीवर, सगळ्यांसमोर, छापून लावलाय याचं वाटेल.

मग ही कला की पत्रकारिता?

असे फोटो दाखवले की एक आक्षेप हमखास येतो. हे महत्त्वाचं आहे, पण ही कला नव्हे, हे दस्तऐवज आहेत. कलात्मक फोटो म्हणजे ज्याला खालच्या मजकुराची गरज नाही.

या आक्षेपात थोडं तथ्य आहे. साईनाथ यांच्या पॅनेलांवर मजकूर बराच आहे आणि तो ठाम आहे. काही ठिकाणी तो आपल्या आधीच फोटो बघून मोकळा होतो, निष्कर्ष हातात ठेवतो. मग फोटो वाक्याचा पुरावा बनतो, त्याला स्वतःचं काही बोलायला जागा कमी राहते. म्हणून मी सुचवेन की हे प्रदर्शन बघताना मजकूर हाताने झाकावा. आधी फोटो, मग मजकूर, मग पुन्हा फोटो. विजयनगरमचा फोटो या तिन्ही फेऱ्यांत टिकतो, दर फेरीत वेगळा होतो. काही फोटो दुसऱ्या फेरीतच संपतात. हा फरक करता येणं म्हणजेच रसग्रहण.

पण ‘मजकुराची गरज नसलेला फोटो’ ही अट मला पटत नाही. भेगाळलेल्या जमिनीचा फोटो मजकुराशिवायच फिरतो आणि म्हणूनच इतकं खोटं बोलू शकतो. खाली नुसतं ‘मे, परभणी तालुका’ एवढं लिहिलं तरी त्याची अर्धी हवा जाते. ज्या फोटोला महिना आणि गाव सांगितल्याने धक्का बसतो, त्याचं सौंदर्य आधीच संशयास्पद होतं.

निजामाचा मुसव्विर

फोटो कुणासाठी काढला जातो, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या भागात तो सव्वाशे वर्षं जुना आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याच्या दरबारी भारतातला एक थोर फोटोग्राफर होता, राजा दीनदयाळ. १८४४ सालचा जन्म, मेरठजवळच्या सरधन्याचा. गंमत म्हणजे माणूस मूळचा आमच्याच जातकुळीचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि तिथून कॅमेऱ्याकडे वळला. पुढे सहावा निजाम महबूब अली खान याने त्याला ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला.

त्याने काढलेल्या इमारती, महाल, दरबार बघताना त्याचं अभियांत्रिकीचं शिक्षण लपत नाही. उभ्या रेघा उभ्याच राहतात, वजन कुठे पेललंय ते कळतं. पण त्याच्या स्टुडिओच्या कामात निजामाच्या ‘चांगल्या कामां’ची एक मालिकाही आहे, १८९५ ते १९०२ या काळातली. तिच्यात औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतीचे फोटो येतात. त्यांतल्या एका फोटोचं शीर्षक वाचून मी बराच वेळ अडकलो. दुष्काळी मदत, आणि खेळ चालू आहे आंधळ्या कोशिंबिरीचा.

दुष्काळात मुलं खेळत नाहीत असं नाही. खेळतात. कदाचित तो फोटो शंभर टक्के खरा असेल. पण मालिकेचं नाव ‘चांगली कामं’ आहे आणि ती राज्यकर्त्याचा परोपकार दाखवायला केलेली आहे. त्या मालिकेत हा खेळ एकच गोष्ट सांगू शकतो, की सरकारच्या छत्राखाली सगळं ठीक आहे. हाच फोटो मदतकेंद्रावर आलेल्या कुटुंबाच्या हातात पडला असता तर त्यांनी आधी शोधलं असतं, यात आपलं पोरगं आहे का. त्यांच्यासाठी ती सरकारच्या परोपकाराची नोंद नव्हती, आपलं मूल जिवंत असल्याची खूण होती. पण अशा मालिका त्या कुटुंबांसाठी बनतच नव्हत्या. दीनदयाळच्या चौकटीत मला खोट काढता येत नाही. खोट काढावी लागते ती त्या फोटोच्या प्रवासात.

फोटोवर रेघ ओढणारा

साईनाथ फोटो उचलून माणसांकडे घेऊन गेले. याच्या पुढची पायरी म्हणजे फोटो बनवतानाच माणसांना आत घेणं. याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गौरी गिल या दिल्लीच्या फोटोग्राफर २०१३ मध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आल्या. तिथले वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत त्यांनी काम सुरू केलं. गिल यांनी वांगड यांना त्यांच्याच गावात, त्यांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या जागी उभं करून फोटो काढले. मग लक्षात आलं की ज्या गोष्टी वांगड त्या जागेबद्दल सांगतात, त्यातलं काहीच फोटोत येत नाही. तेव्हा त्या कृष्णधवल छापांवर वांगड यांनी वारली शैलीत रेखाटन केलं. या मालिकेचं नाव ‘फील्ड्स ऑफ साइट’.

या चित्रांसमोर डोळा गोंधळतो. कॅमेरा एका जागेवरून एका क्षणी बघतो. लांबचं लहान, जवळचं मोठं. वारली चित्राला हा नियम मान्य नाही. तिथे काल, आज आणि पुराणातलं सगळं एकाच वेळी, एकाच पातळीवर घडतं. दोन्ही एका कागदावर आली की कळतं, कॅमेऱ्याला गावाचा एक छोटा तुकडाच दिसत होता. माळ रिकामा नव्हता. तो गोष्टींनी, देवांनी, झाडांनी, जनावरांनी, आलेल्या-गेलेल्या संकटांनी भरलेला होता. फोटोतल्या माणसाने फोटोवर हात चालवला आणि फोटोची चूक नाही, पण मर्यादा दाखवून दिली.

गिल यांची दुसरी मालिका ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’. २०१५ पासूनची, जव्हारची. तिथे बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे नाचवतात. मुखवटे बनवणाऱ्या घराण्यातले सुभाष आणि भगवान धर्मा कडू यांना गिल यांनी देवांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं. माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे. गावातल्याच लोकांनी ते घातले आणि घरात, दारात, कामाच्या जागी उभे राहिले. फोटो रंगीत आहेत आणि नावं एकालाही नाहीत.

मला यातली सगळ्यात धारदार गोष्ट वाटते ती ही, की चेहरा मिळत नाही. वर म्हटलेला सुरकुत्यांचा क्लोजअप इथे अशक्य आहे. हळहळायला चेहरा नसला की बघणाऱ्याला बाकीचं बघावं लागतं. खांदे कसे आहेत, हात कुठे ठेवलेत, मागे भिंतीवर काय टांगलंय. माणूस लपतो आणि त्याचं जगणं दिसायला लागतं. शिवाय समोरच्याने काय दाखवायचं ते ठरवलंय, आपण फक्त बघतोय, ही जाणीव सतत राहते.

तरी माझा प्रश्न इथेही सुटत नाही. ही मालिका २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएसवनमध्ये लागली. आनंदच आहे. पण न्यूयॉर्कमधल्या प्रेक्षकाला त्या मुखवट्यांत आधी नवल दिसणार. बोहाड्यात वाढलेल्या माणसाला ते विनोदी वाटतील, किंवा थोडे धाडसी, कारण त्याला माहीत आहे की त्या जागी एरवी देव असतो. हा दुसरा प्रेक्षक मिळाल्याशिवाय त्या फोटोंचं वाचन अर्धंच राहतं. बनवताना माणूस आत आला, ही मोठी गोष्ट झाली. बघतानाही तो हवा.

परभणीत हे कसं होईल

आपल्या गावांत मोठ्या आकाराचे फोटो नाहीत असं कुणी म्हणू नये. कोणत्याही चौकात बघा, दहा फुटांचा फोटो असतोच. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, साहेबांचं स्वागत. खाली शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे, पासपोर्ट आकारात. छपाईची सोय आहे, जागा आहे, बघणारे आहेत. भिंत आपल्याकडे भरपूर आहे, ती एकाच प्रकारच्या माणसाला दिलेली आहे. खुरपणारी बाई, बोअरच्या गाडीवरचा पोरगा, ऊसतोडीला निघालेलं कुटुंब, पूर्णा जंक्शनवर रात्र काढणारा मजूर, हे चौकात कधीच दहा फुटांचे होत नाहीत. विजयनगरमच्या फोटोतली उभी रेघ आणि वाकलेली ओळ इथेही आहेच. फक्त इथे वाकलेल्यांना फोटोतूनच वगळलेलं आहे.

फोन तर आता सगळ्यांकडे आहे. गावातली पोरं सुंदर फोटो काढतात आणि ते फीडमध्ये दोन दिवसांत बुडून जातात. त्यांतले वीस निवडून, नीट छापून, कापसाच्या हंगामात मानवतच्या किंवा सेलूच्या बाजारात लावायला मोठ्या गॅलरीची गरज नाही. वाढदिवसाच्या दोन बॅनरांचा खर्च पुरेल. फ्लेक्सची चमक टाळून साधा मॅट कागद घ्यावा, म्हणजे ऊन परावर्तित होऊन फोटो दिसेनासा होणार नाही. फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावावेत. खाली गाव आणि महिना लिहावा, आणि ज्याचा फोटो आहे त्याला विचारून नाव. बाकी मजकूर कमी.

आणि मग फोटोग्राफरने तिथेच, थोडं बाजूला उभं राहावं. सोपं नाही ते. जहांगीरमध्ये लोक वहीत ‘अप्रतिम’ लिहून जातात. इथे वेचणी करून आलेली बाई फोटोसमोर थांबेल, फोटोतल्या बाईच्या कमरेकडे बोट दाखवेल आणि शेजारणीला म्हणेल, “हिनं वटी नीट बांधलीच नाही बघ, कापूस सांडतोय सगळा. हिला फोटोपुरतीच उभी केलती.”